फॉर्मवर सगळेच हो म्हणाले: नागपुरातल्या बैलांच्या सर्व्हेचं प्रकरण

पार्श्वभूमी

आधीच सांगून ठेवतो, यातल्या माणसांची नावं, संस्थेचं नाव, नेमका बंडीस्टँड (बैलगाड्या उभ्या राहतात तो अड्डा) कोणता हे काहीच देणार नाहीये. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी थोड्या इकडच्या तिकडे केल्यात.

नागपुरात जखमी जनावरांवर उपचार करणारी एक छोटी संस्था आहे. कुत्री, मोकाट गाई, संक्रांतीत नायलॉन मांज्यानं कापलेले पक्षी हे त्यांचं रोजचं काम. बंडीचे बैल मात्र त्यांच्याकडे येतच नाहीत, कारण बंडीवाला बैल घेऊन दवाखान्यात बसला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. पण रस्त्यावर ते बैल दिसतात ना, खांदा सुजलेला, वेसणीच्या जागी चिघळलेलं, मे महिन्यात भर दुपारी सळ्या भरलेली बंडी ओढून राहिलेत. संस्थेच्या ताईंनी ठरवलं की प्रशासनाला एक निवेदन द्यायचं आणि त्यासोबत 'नागपूरच्या लोकांचं काय मत आहे' याचा सर्व्हे जोडायचा, म्हणजे वजन पडेल. शिवाय शंकरपटाचाही, म्हणजे बैलांच्या शर्यतींचाही, राग होताच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा टिकवला, त्यामुळे आता आजूबाजूच्या गावांत पट पुन्हा भरायला लागलेत.

मी एका कॉलेजात समाजकार्याच्या पोरापोरींना सर्व्हे कसा करायचा ते शिकवतो, म्हणून हे माझ्याकडे आलं. टीम म्हणजे मी, दोन विद्यार्थी (एक मुलगा एक मुलगी), ताई, आणि एक रिटायर झालेले व्हेटर्नरी डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे डॉक्टरकाका म्हणतो. पैसे अगदी थोडे आणि वेळ त्याहून कमी, कारण ताईंचं म्हणणं की बैलांना पेपरात जागा मिळते ती फक्त पोळ्याच्या आठवड्यात, एकदा दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळा होऊन मारबतीची मिरवणूक निघाली की नंतर बैलाला कोणी विचारत नाही. यात त्या चूक नव्हत्या.

अडचण

फॉर्म आम्ही घाईत बनवला. हॅरोल्ड हर्झॉग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये सहकाऱ्यांसोबत प्राण्यांविषयीच्या दृष्टिकोनाची एक मोजपट्टी तयार केली होती, त्यात वीस विधानं असतात आणि प्रत्येकाला किती पटतं ते सांगायचं असतं. पोरांनी त्यातली बरीचशी मराठीत उतरवली, वर बैलांचे आणि शंकरपटाचे आपले चार-पाच प्रश्न टाकले. मी वाचलं आणि ओके म्हटलं. इथं माझी पहिली चूक. त्यात एक विधान होतं की काही लोकांचा रोजगार गेला तरी चालेल पण व्हेल आणि डॉल्फिनची कत्तल ताबडतोब थांबली पाहिजे. आता हे तुम्ही कळमना बाजाराकडच्या बंडीवाल्याला विचारा. त्यानं पोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "होय ना भाऊ, थांबलीच पाहिजे."

ट्रायल म्हणून पहिले चाळीस फॉर्म भरले, अर्धे फुटाळ्याच्या चौपाटीवर आणि अर्धे बाजाराकडे. मी संध्याकाळी गठ्ठा घेऊन बसलो तर सगळीकडे हो. क्रूरता होऊ नये? हो. प्राण्यांना वेदना होतात? हो. मनोरंजनासाठी प्राण्यांचा वापर करणे नैतिकदृष्ट्या अयोग्य आहे? हो. शंकरपट बंद व्हावेत? तिथंही जवळजवळ सगळ्यांचं हो. ताई एकदम खुश, त्यांनी त्याच रात्री प्रेसनोटचा ड्राफ्ट व्हॉट्सअपवर टाकला, वर हेडिंग 'नागपूरकर म्हणतात शंकरपट नको'.

गंमत अशी झाली की झेरॉक्सवाल्यानं काही फॉर्मांना आमच्या जुन्या ड्राफ्टचं एक पान चुकून जोडलं होतं. त्या पानावर तोच मुद्दा उलटा होता, शंकरपट ही आपली परंपरा आहे आणि ती चालू राहिली पाहिजे. अशा फॉर्मांपैकी बहुतेकांनी दोन्ही ठिकाणी हो म्हटलेलं. एकाच माणसानं, दहा मिनिटांच्या आत, बंद करा पण हो आणि चालू ठेवा पण हो. ते पान चुकून आलं नसतं तर आम्हाला काही कळलंच नसतं आणि ती प्रेसनोट बहुतेक माझ्या कॉलेजच्या नावासकट गेली असती.

हे नवीन नाही, पुस्तकात मीच शिकवतो. समोरचा शिकलेला दिसतो, हातात पॅड आहे, विनाकारण वाद कशाला, लिहून टाका हो. त्यात विषय जनावराच्या दयेचा, तिथं नाही म्हणणारा माणूस कसाई ठरतो. मी टीमला अमेरिकेतलं एक उदाहरण सांगितलं. २०१७ मध्ये तिथं एका सर्व्हेत ४७ टक्के लोकांनी कत्तलखान्यांवर बंदी हवी असं म्हटलं आणि त्याच देशात बहुसंख्य लोक मांस खातात. पुढे दुसऱ्या एका गटानं प्रश्न बदलून, लोकांना जरा विचार करायला लावून विचारलं तर तो पाठिंबा पार खाली आला. आपल्याकडे एवढं लांब जायचीही गरज नाही, रविवारी सकाळी सावजी मटणाच्या तयारीत रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही विचारा की प्राण्यांवर दया करावी का, तो मनापासून हो म्हणेल आणि खोटंही बोलत नसेल.

पर्याय काय होते

दुसऱ्या दिवशी ताईंच्या घरी बसलो, चहा झाला, मग भांडण झालं. भांडणच म्हणावं लागेल.

ताईंचा पर्याय सरळ होता. उलटं पान असलेले फॉर्म बाजूला काढा, बाकीचे चांगले आहेत, ते धरा. त्यांचं म्हणणं मी इथं नीट मांडतो कारण नंतर त्या मूर्ख होत्या असं कोणाला वाटू नये. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही सहा महिने प्रश्न घासत बसाल, तोवर पुढचा उन्हाळा येईल आणि तेच बैल पुन्हा उन्हात असतील, पेपरात दोन कॉलम आले तर निदान कोणीतरी विचारेल तरी. माझ्याकडे याला तयार उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की हा आकडा खोटा आहे हे आता आपल्याला माहीत झालंय, आणि उद्या पटवाल्यांनी स्वतःचा सर्व्हे काढून दाखवला की सगळ्यांना पट हवाय तर तोही इतकाच खरा असेल.

डॉक्टरकाकांचं मत वेगळंच. लोकांचं मत विचारूच नका, बैल तपासा. किती बैलांना खांदेसूज, किती लंगडे, किती खंगलेले, ते मोजा आणि द्या. हे मला खूप पटलं होतं, आजही पटतं. पण बैल तपासायला मालकाची परवानगी लागते आणि ती मिळवायला पुन्हा त्याच माणसाशी बोलावं लागतं.

पोरांचं म्हणणं गुगल फॉर्म करू, शहरातले लोक भरतील, पटकन होईल. ते मी पाच मिनिटांत उडवून लावलं. ताईंच्याच ग्रुपमधली कुत्र्यांना खाऊ घालणारी मंडळी तो भरणार आणि आपण त्याला नागपूर म्हणणार.

चौथा पर्याय म्हणजे चाळीसही फॉर्म फेकायचे, आठ दिवस नुसतं बंडीवाल्यांसोबत बसायचं, प्रश्न त्यांच्या शब्दांत करायचे, आणि पोळा चुकला तर चुकला. शेवटी हाच घेतला. ताई नाराज होऊनच तयार झाल्या. प्रेसनोट पोळ्याला गेली नाही.

काय केलं

आठ दिवस आम्ही एकच केलं, प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं की काका, यातून तुम्हाला काय समजलं ते तुमच्या भाषेत सांगा. उत्तर मागायचंच नाही.

पहिल्याच दिवशी कळलं की 'प्राणी' या शब्दावरच सगळं घसरत होतं. प्राणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर महाराजबागेतले पिंजरे नाहीतर पेंचचा वाघ. बैल म्हणजे प्राणी नव्हे, बैल म्हणजे ढोर, जनावर, आणि पोळ्याच्या दिवशी देव. म्हणजे आमच्या 'प्राण्यांना' या शब्दाला सगळे हो म्हणत होते ते वाघाला हो म्हणत होते. आणि 'वापर' शब्दावर तर एक म्हातारे धुरकरी (बंडी हाकणारे) चिडलेच, "बैल का वापराची वस्तू होय काय? तो कमावते म्हणून आमी खातो." आमच्या फॉर्मात वापर हा साधा, तटस्थ शब्द होता. त्यांच्या कानाला तो शिवीसारखा लागला.

मग डॉक्टरकाकांनी फॉर्म हातात घेतला. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला, त्यातून पुढे जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांची कल्पना तयार झाली: भूक-तहान नको, गैरसोय नको, दुखणं-रोग नको, भीती नको, आणि जनावराला आपल्या स्वभावाप्रमाणे वागता यावं. काकांनी हे कुठेच लिहिलं नाही पण प्रश्न त्याच्यावर बेतले. काल बैलानं पाणी कुठं पेलं? दुपारी जू किती वाजता उतरलं? तुतारीला (बैल हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोकदार खिळा, आहे का? खांदा शेवटचा कधी सुजला आणि तेव्हा काय केलं? मत नाहीच, कालचं काय झालं ते सांगा. याला हो-नाही चालतच नाही.

यातला एक प्रश्न मला आयुष्यभर लक्षात राहील. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात लिहिलंय की दिवसात नऊ तासांच्या वर काम नको, सलग पाच तासांच्या वर नको, आणि जिथं तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. टोकदार काठी पण चालत नाही. आता नागपुरात एप्रिल-मेमध्ये ३७ म्हणजे थंडावा म्हणायची वेळ असते. म्हणजे नियम पाळायचा तर सगळा उन्हाळा दुपारी बंडी उभीच. हे आम्ही ज्या ज्या बंडीवाल्याला सांगितलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, ज्या दोन व्यापाऱ्यांना सांगितलं त्यांनाही नव्हतं, आणि खरं सांगू का, मलाही काकांनी सांगेपर्यंत नव्हतं. पण ऐकल्यावर बंडीवाल्यांची रिअॅक्शन विरोधाची नव्हती. बहुतेकांनी उलट विचारलं की मग माल दुपारीच उतरवा म्हणून कोण सांगते, आमी काय हौसेनं जातो?

आणि एक प्रश्न होता ज्याला स्टँडवर उत्तरच आलं नाही. बैल म्हातारा झाला की काय करता? २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, गाईंची तर १९७६ च्या कायद्यानं आधीच होती, त्यामुळे म्हातारा बैल विकायची जुनी वाट कायद्यानं बंद आहे आणि त्याला पोसायला घरात चारा नाही. हा प्रश्न आला की बोलणारी माणसं गप्प व्हायची, बिडी पेटवायची, एकजण म्हणाला, "थे नका लिहू." आम्ही लिहिलं नाही.

मधेच आलेला दुसरा निर्णय

हे प्रकरण लिहायला घेतलं ते खरं तर या भागासाठी.

नवे फॉर्म भरायला घेतल्याच्या सहाव्या दिवशी आमच्या टीममधल्या विद्यार्थिनीचा फोन आला. एका धुरकऱ्याच्या बैलाचा खांदा नारळाएवढा सुजलाय, मधे फुटलाय, माश्या बसून राहिल्यात, आणि तो माणूस तिच्याशी एकदम मोकळेपणानं बोलतोय, चहा पण पाजला. ती रडकुंडीला आलेली. सर मी काय करू? तिनं बोलायच्या आधी त्याला शब्द दिला होता की तुमचं नाव कुठं जाणार नाही, तुमच्यावर काही होणार नाही. आणि तिच्या गळ्यातल्या कार्डावर ज्या संस्थेचं नाव होतं त्यांचं कामच अशा बैलांना सोडवायचं.

तक्रार करायची तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा बैलाला कामाला जुंपणं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! दंडाचं काही नाही हो, पण बैल जप्त झाला की त्या घरची चूल त्या दिवशीच विझते, आणि आमच्यावर विश्वास ठेवलेला बंडीस्टँड कायमचा गेला. गप्प बसायचं तर उद्या तो बैल पुन्हा जुवाखाली. ताईंना सांगायचं तर त्या गाडी घेऊन निघतील, हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांना दोन तास सांगितलंच नाही. हे बरोबर होतं का? मला अजून कळलेलं नाही. ज्यांच्या पैशावर काम चाललंय त्यांच्यापासून लपवलं, हे मात्र खरं.

मी डॉक्टरकाकांना पाठवलं. फॉर्म नको, कार्ड नको, फक्त डॉक्टर म्हणून जा आणि त्या मुलीनं फोन केला होता हे त्याला आधीच सांगा, लपवू नका. काका गेले, बसले, म्हणाले, बाबा, हा बैल दहा-पंधरा दिवस जुंपला नाही तर बरा होईल, जुंपला तर हा खांदा कायमचा जाईल, मग काय करशील? धुरकरी आधी मुलीकडे पाहून म्हणाला, "पोरी, तू तर कोनाले सांगत नाही म्हने ना." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तो म्हणाला, दहा दिवस माझ्या घरी कोण पीठ टाकते? यावर ताईंना फोन लावावाच लागला, आणि इथं ताईंनी मला आश्चर्याचा धक्काच दिला. ओरडल्या माझ्यावर भरपूर, पण बैल सोडवा वगैरे काहीच बोलल्या नाहीत, चारा आणि थोडा किराणा मी पाठवते म्हणाल्या.

बैल उभा राहिला. दहा दिवस नाही, सात दिवस. आठव्या दिवशी काका रस्त्यात त्याला जुंपलेला पाहून आले. जखम भरत होती पण पूर्ण भरली नव्हती. जुवाखाली त्यानं जुनं गोधडं गुंडाळलं होतं, काकांनी दाखवलं होतं तसं.

परिणाम

सर्व्हेची मात्र वाट लागली. स्टँडवर बातमी फिरली की फॉर्मवाले डॉक्टर पाठवतात. अर्ध्या लोकांनी बोलायचंच बंद केलं, तुमी कोन्या पार्टीचे असं विचारू लागले, आणि उरलेले स्वतःहून यायचे, बैल दाखवायचे आणि मग आम्हाला आवडतील अशी गोड उत्तरं द्यायचे, पुन्हा सगळं हो. म्हणजे सहाव्या दिवसाआधीचे आणि नंतरचे फॉर्म एकत्र करता येईनात. रिपोर्टमध्ये आम्ही ते वेगळे ठेवले आणि का वेगळे ते लिहिलं. हेडिंगसारखा एकही आकडा त्यातून निघाला नाही.

निवेदन पोळ्यानंतर दीड महिन्यानं गेलं. त्यात शंकरपटाचा उल्लेखच नाही, तो विषय या माहितीवर बोलता येण्यासारखा नव्हता. मागण्या तीनच: एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ३ माल चढवणं-उतरवणं बंद ठेवा, म्हणजे नियम बंडीवाल्याच्या नाही, बाजाराच्या डोक्यावर येईल, स्टँडवर पाण्याचा हौद आणि शेड द्या, आणि महिन्यातून एकदा डॉक्टर तिथंच येऊ द्या. आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला. उत्तर अजून आलेलं नाही. एका व्यापाऱ्यानं मात्र आमच्या बोलण्यानंतर दुकानासमोर सिमेंटचा हौद ठेवला, त्यात पाणी रोज असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण मी दोनदा गेलो तेव्हा होतं.

आज केलं असतं तर

संमतीचं वाक्य आधी कागदावर ठरवलं असतं. 'तुमचं नाव कुठं जाणार नाही, पण जनावर फार जखमी दिसलं तर आमचे डॉक्टर तुम्हालाच येऊन सांगतील', एवढं एक वाक्य पहिल्या मिनिटाला बोललं असतं तर त्या मुलीला तो टोमणा ऐकावा लागला नसता. आम्ही तिला असा शब्द द्यायला शिकवलं जो आम्हालाच पाळता येणार नव्हता.

संस्थेचं कार्ड गळ्यात घालून पाठवलं नसतं. कार्डावर कुत्र्याचं चित्र होतं. बंडीवाल्याला ते चित्र पाहूनच कळत होतं की आपल्याला काय उत्तर अपेक्षित आहे.

आणि बायका. बैलाला चारा-पाणी कोण करतं, खांद्याला हळद कोण लावतं, हे आम्ही स्टँडवर उभे राहून पुरुषांना विचारत होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या धुरकऱ्यानं आम्हाला खांदशेकणीला घरी बोलावलं, राग धरला नव्हता त्यानं. त्याची बायको हळद-तूप घेऊन आली, त्या दुखऱ्या खांद्याला तिनं कडेकडेनं शेकलं, जखमेला बोट लागू न देता, आणि दोघं मिळून बैलाला म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग ती आमच्या मुलीला म्हणाली, हा आता दोन वर्षं चालते, मग भावाकडे गावाला नेऊन सोडू, तिथं कुटार (भुसा) भेटते. म्हातारा बैल कुठं जातो, या प्रश्नाचं आम्हाला मिळालेलं ते एकमेव उत्तर. मुलीनं ते लिहून घेतलं नाही, घरी येऊन मला सांगितलं. पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न मी शेवटच्या पानावर नेलाय, आणि समोर कंसात लिहून ठेवलंय, घरी जाऊन विचारा, काकूंना.